ब्लेडलेस म्हणजे नक्की काय? चष्मा घालवणाऱ्या लेसरची गोष्ट, शहाळ्यापासून सुरू करून

गोव्यात पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा भाचीचा मेसेज आला, "मामा, ब्लेडलेस लेसर केलं तर चालेल ना? यात डोळा कापत नाहीत." सोबत एका जाहिरातीचा फोटो, त्यात एक मुलगी चष्मा हवेत फेकतेय आणि मागे समुद्र. पाच मिनिटांत ताईचा फोन, "तिला तूच समजाव, डोळ्यात लेसर मारून घेणार म्हणते, उद्या आंधळी झाली तर कोण बघणार?"

गंमत म्हणजे दोघीही चुकत होत्या. कापत नाहीत हे खरं नाही, आणि आंधळी होण्याची भीती जिथे ठेवायला पाहिजे तिथे ताईने ठेवलेली नव्हती. मी डॉक्टर नाही, तिसरीपासून चष्मा लावणारा माणूस आहे, पण भाचीबरोबर दोन ठिकाणी तपासणीला गेलो, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं आणि घरी येऊन बरंच वाचलं. ते सगळं सरळ भाषेत सांगतो.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू

शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतात ना, चित्र भिंतीवर नीट पडायला भिंत बरोबर अंतरावर लागते. डोळ्यात ती भिंत म्हणजे मागचा पडदा. लांबचं नीट न दिसणाऱ्या, म्हणजे मायनस नंबरवाल्या बहुतेक लोकांचा डोळा जरा जास्त लांब असतो, त्यामुळे चित्र भिंतीच्या अलीकडेच तयार होतं आणि भिंतीवर धुरकट पडतं. जास्त म्हणजे किती, तर एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर आलाच.

आता भिंत पुढे सरकवता येत नाही. मग एक तर प्रोजेक्टरसमोर आणखी एक भिंग धरायचं, तो चष्मा. नाहीतर प्रोजेक्टरचं स्वतःचं पुढचं भिंग घासून त्याचा बाक बदलायचा, ते लेसर.

हे पुढचं भिंग म्हणजे कॉर्निया, बुबुळाच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली पारदर्शक काच. लोकांना वाटतं सगळं फोकसिंग आतली लेन्स करते, पण डोळ्याच्या एकूण ताकदीतली साधारण दोन तृतीयांश ताकद या काचेचीच असते. म्हणून तिचा बाक केसाच्या जाडीएवढा जरी बदलला तरी नंबर उडतो. मायनस नंबरला मधला भाग थोडा सपाट करतात. सिलिंडरचा नंबर असेल तर काच चमच्याच्या पाठीसारखी एका बाजूने जास्त वळलेली असते, ती बाजू सारखी करतात.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा कारण पुढे लागणार आहे. काच घासली तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते.

शहाळेवाला आणि त्याचा कोयता

मिरामारला शहाळेवाला कोयत्याने वरचं झाकण उडवतो, पण कधी कधी एका बाजूने चिकटलेलं ठेवतो, झाकण उघडून मलई खरवडून देतो. लॅसिक म्हणजे थोडंफार हेच. कॉर्नियाच्या वरचा पातळ पापुद्रा एका बाजूला जोडलेला ठेवून कापतात, त्याला फ्लॅप म्हणतात, तो पानासारखा उलटवतात, खालचा भाग लेसरने हवा तेवढा उडवतात आणि झाकण परत जागेवर बसवतात. टाका नाही, काही नाही, आपोआप चिकटतं.

वाद फक्त झाकण कशाने कापायचं एवढाच आहे. जुन्या पद्धतीत सुताराच्या रंध्यासारखं एक छोटं यंत्र असतं, त्यात खरंच पोलादी पातं असतं, ते बुबुळावरून सरकतं. ब्लेडलेसमध्ये त्या पात्याच्या जागी दुसरा लेसर येतो, फेम्टोसेकंद लेसर. हा लेसर सुरीसारखा सलग कापत नाही, तो ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुड्यांच्या ओळी तयार करतो, अगदी एकमेकांना लागून. पोस्टाच्या तिकिटांच्या मध्ये भोकांची रांग असते बघा, फाडताना तिथूनच सुटतं, तसं. मग डॉक्टर बोथट पट्टी आत घालून झाकण सोडवतात.

म्हणजे भाचीला मी सांगितलं ते असं की बाई, कापतात, फक्त कोयता बदललाय. आणि मलई खरवडणारा लेसर, ज्याने प्रत्यक्षात नंबर जातो तो एक्सायमर लेसर, दोन्ही पद्धतीत तोच असतो. "आधीचं ब्लेडचं, आताचं लेसरचं" असं जे लोक बोलतात ते त्यामुळे अर्धवट आहे, जुन्यातही लेसर होताच.

(आजीचा मोतीबिंदू "लेसरने काढला" असंही घराघरात सांगतात. बहुतेक वेळा तिथे लेसर नसतोच, ध्वनिलहरींनी लेन्स फोडून ओढून घेतात, आणि आत शिरायला बारीकसं पातंच वापरतात. पण आजीला हे सांगायला जाऊ नका.)

टर्कीची तंगडी

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत तिघे जण एक्सायमर लेसरवर काम करत होते, त्यातले रंगस्वामी श्रीनिवासन आपल्या मद्रासचे, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे दुसरे दोघे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की श्रीनिवासन लॅबमध्ये घेऊन आले आणि तिच्या कुर्चेवर लेसर मारून बघितला. कापलं गेलं स्वच्छ, आजूबाजूला जळल्याची खूणही नाही. हा अतिनील प्रकाश असतो, १९३ नॅनोमीटरचा, तो भाजत नाही, रेणूंमधली बांधणीच तोडतो. ऑपरेशन करून आलेली माणसं सांगतात की केस जळल्यासारखा वास आला, ते डोळा भाजल्यामुळे नाही, उडालेल्या कणांचा तो वास.

फेम्टोसेकंदवाल्याची गोष्ट तर अपघाताची. १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात जेरार मूरू यांच्या लॅबमधल्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून असा लेसर गेला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला आत इतक्या रेखीव, नेमक्या खुणा दिसल्या की त्यांच्या डोक्यात आलं याचा शस्त्रक्रियेला उपयोग होईल. मूरूंना पुढे २०१८ साली डोना स्ट्रिकलंड यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, याच प्रकारचे अतिछोटे लेसर झोत तयार करण्याच्या युक्तीसाठी. किती छोटे? एक सेकंदात जेवढे फेम्टोसेकंद असतात तेवढे सेकंद मोजत बसलात तर तीन कोटी वर्षांच्या वर लागतील. एवढ्या कमी वेळात उष्णता शेजारी पसरायला सवडच मिळत नाही.

नेवरीतलं सारण

ब्लेडलेस या एका शब्दाखाली आणखी दोन प्रकार खपतात, आणि जाहिरातीत कुठला ते लिहीत नाहीत.

पहिला स्माईल. यात झाकण नाहीच. फेम्टोसेकंद लेसर काचेच्या आतच एक पातळ चकती कोरतो आणि दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून डॉक्टर ती चकती ओढून काढतात. चवथीची नेवरी, म्हणजे करंजी, न फोडता कडेच्या फटीतून आतलं सारण काढून घेतलं तर नेवरी जरा चपटी होईल ना, तसा बाक बदलतो. अमेरिकेत याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली, युरोपात त्याआधीपासून चालू आहे.

दुसरा पीआरके, सगळ्यात जुना, अमेरिकेत १९९५ पासून मान्य. काचेवरची अगदी वरची साल खरवडून काढतात आणि थेट पृष्ठभागावर एक्सायमर मारतात. साल तीन-चार दिवसांत परत येते पण ते दिवस वाईट, डोळ्यात मिरचीपूड गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही आणि नजर नीट व्हायला काही आठवडे लागतात. यातही पातं नाही हां, म्हणजे सगळ्यात जुनी पद्धत पहिल्यापासूनच ब्लेडलेस. त्यामुळे क्लिनिकवाला "आमचं ब्लेडलेस" म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारायचा, कुठलं?

खरा हिशेब मायक्रॉनचा

इथे जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं, पात्यावर नाही.

कॉर्निया मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, अर्धा मिलिमीटर समजा. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं, त्याहून पातळ. कोणाचा ४८० असतो कोणाचा ५८०. ही तुमची डिपॉझिट, आणि यात परत भर पडत नाही, वरची साल उगवते पण आतला मुख्य भाग एकदा उडवला की उडवला.

आता खर्च. फ्लॅप साधारण ११०. नंबर घालवायला प्रत्येक नंबरामागे ढोबळ १२ ते १५, किती रुंद भागावर काम करायचं त्यावर. आणि फ्लॅपच्या खाली किमान २५० शिल्लक राहिलेच पाहिजेत, बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात.

भाचीचा कॉर्निया ५१२, नंबर साडेपाच. ५१२ मधून ११० गेले, ४०२. साडेपाच गुणिले १५ म्हणजे ८० च्या वर, उरले ३२० च्या आसपास. चालतं. आता समजा कोणाचा कॉर्निया ४९० आणि नंबर आठ, तर ११० आणि १२० गेले, उरले २६०. हा माणूस लॅसिक करायला गेला तर ब्लेड असो नसो, तो कड्यावर उभा आहे. फार पातळ केलेली काच आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगत जाते, नजर वेडीवाकडी होते आणि मग ती चष्म्यानेही सुधारत नाही. अशांना पीआरके, किंवा कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, तिला आयसीएल म्हणतात, असे पर्याय सांगतात. किंवा सरळ "नको" सांगतात, आणि तसं सांगणारा डॉक्टर भेटला तर मी म्हणेन नशीब समजा.

नुसती जाडी पुरत नाही, आकारही बघावा लागतो. डोंगराच्या नकाशात उंचीच्या रेषा असतात तसा मशीन कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतं. काही जणांची काच मुळातच कमकुवत असते, शंकूसारखी पुढे यायला लागलेली, त्याला केराटोकोनस म्हणतात, आणि सुरुवातीला त्या माणसाला स्वतःला काहीच कळत नाही, फक्त सिलिंडरचा नंबर वाढत असतो. अशा डोळ्यावर लेसर म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर आणखी रंधा मारणं. डोळे सारखे चोळणाऱ्यांत हा त्रास जास्त बघायला मिळतो. आणि आपल्याकडे पावसाळाभर घरात बुरशी, भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना वास, अर्धं घर डोळे चोळत बसलेलं असतं. मी पण त्यातलाच.

म्हणून ताईला म्हटलं, आंधळी होण्याची भीती लेसरच्या त्या पंधरा-वीस सेकंदात नाही गं, भीती आहे ती न मोजता ऑपरेशन टेबलावर झोपण्यात.

मग ब्लेडलेस चांगलं की नाही?

चांगलं आहे. पात्याने फ्लॅपची जाडी कमीजास्त यायची, क्वचित मध्येच भोक पडायचं किंवा झाकण पूर्ण सुटून यायचं. फेम्टोसेकंदमध्ये जाडी जास्त एकसारखी येते, म्हणजे वरच्या हिशेबात ठरवल्यापेक्षा जास्त खर्च व्हायची शक्यता कमी. पण दोन्हींची तुलना करून बघितली तर शेवटी दिसण्यात फारसा फरक सापडत नाही. आणि लेसरचे स्वतःचे नखरे आहेतच, कोणाला नंतर काही आठवडे उजेड फार टोचतो. हात बसलेला डॉक्टर आणि नीट तपासणी हे दोन असले तर पातं की लेसर हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न.

"शिंक आली तर? डोळा हलला तर?"

हा प्रश्न सगळ्यांचाच. भूल फक्त थेंबांची असते, इंजेक्शन नाही, पापण्यांना क्लिप लावतात म्हणजे मिटताच येत नाही, आणि समोर एक लुकलुकणारा दिवा बघत राहायचं. फेम्टोसेकंदच्या वेळी डोळा एका रिंगने हलकेच ओढून धरलेला असतो, दाब जाणवतो, थोडा वेळ अंधारल्यासारखं होतं. एक्सायमरच्या वेळी यंत्र बुबुळाचा पाठलाग करत असतं, जास्त हललं की स्वतःहून थांबतं. आणि तो प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, काचेच्या पृष्ठभागातच शोषला जातो.

"नंबर परत येतो म्हणे"

थोडा येऊ शकतो, विशेषतः मोठा नंबर असेल तर. पण बऱ्याचदा जे परत येतं ते लेसरचं अपयश नसतं, घाईचं असतं. नंबर अजून वाढतच असताना ऑपरेशन केलं तर तो पुढेही वाढणारच ना. म्हणून वय १८ च्या वर, आणि वर्षभर नंबर जवळपास स्थिर पाहिजे असं सांगतात. गरोदर असताना, अंगावर पाजत असताना नाही, तेव्हा नंबर आणि डोळ्यांचा ओलावा दोन्ही बदलतात.

आणि चाळिशी! आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्याला नावच चाळिशी आहे, ती कुठलंही लेसर केलं तरी लागणारच, कारण तो दोष काचेचा नाही, आतली लेन्स कडक होण्याचा आहे. उलट मायनस तीनवाला माणूस पन्नाशीत चष्मा काढून पेपर वाचतो, लेसर केल्यावर त्याची ती सोय जाते. माझ्या वयाच्या लोकांनी हे लक्षात घेऊनच जाहिराती बघाव्यात.

मघाशी लांबी तेवढीच राहते म्हटलं होतं. मोठा मायनस नंबर म्हणजे लांब डोळा, म्हणजे मागचा पडदा ताणलेला, तो फाटायचा किंवा सुटायचा धोका नंबर शून्य झाल्यावरही तसाच राहतो. चष्मा गेला म्हणून पडद्याची तपासणी बंद करायची नाही. अचानक चमका दिसल्या, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला जा नाहीतर जवळ असेल तिथे जा.

कोरडे डोळे, रात्रीचे दिवे

जाहिरातीत नसतं ते हे. कॉर्नियात बारीक नसांचं जाळं असतं, डोळा कोरडा पडला की अश्रू सोड असा निरोप त्याच नसा देतात. फ्लॅप कापताना त्यातल्या बऱ्याच तुटतात, मग डोळा कोरडा पडला तरी निरोप जात नाही. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सावरतं, तोपर्यंत थेंबांची बाटली खिशात. स्माईलमध्ये नसा कमी तुटतात म्हणून हा त्रास थोडा कमी. काही थोड्या लोकांचं मात्र रेंगाळतं. दिवसभर एसीत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांनी आधीच डोळ्यांचा ओलावा मोजून घ्यावा.

दुसरं म्हणजे रात्री दिव्यांभोवती वर्तुळं, चमक. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी लॅसिकच्या रुग्णांचा अभ्यास केला तेव्हा आधी अशी कुठलीच तक्रार नसलेल्यांतल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एक तरी नवीन तक्रार होती. घाबरू नका, पुढचंही वाचा, त्यामुळे रोजची कामं फार अडतात असं सांगणारे १ टक्क्याहून कमी होते आणि बहुसंख्य लोक खूश होते. दोन्ही आकडे एकत्र धरले तरच चित्र खरं. पण रात्री दोडामार्ग ते म्हापसा गाडी चालवणाऱ्याने, समोरून हाय बीमवाले येतात तिथे, पहिला आकडा जरा जास्त मनावर घ्यावा.

सांजाव, समुद्र, फुटबॉल

तारीख ठरवताना आपलं कॅलेंडर बघा. ऑपरेशननंतर दोन ते चार आठवडे नदी, समुद्र, स्विमिंग पूल काही नाही, म्हणजे जूनच्या सुरुवातीला करून २४ ला सांजावाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, विहिरीत उडी मारणं बाद. शिगम्याच्या तोंडावर पण नको, गुलाल डोळ्यात गेला तर धुवायला चोळणार तुम्ही. पीआरकेनंतर उन्हात गॉगल हवाच, काही महिने, अतिनील किरणांनी काचेवर धूसरपणा येऊ शकतो. आणि लॅसिकचं झाकण बसतं छान पण मूळच्या ताकदीने कधीच जोडलं जात नाही, जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकतं. ज्याला दर रविवारी फुटबॉलमध्ये कोपर खायची सवय आहे त्याने स्माईल किंवा पीआरकेबद्दल विचारावं.

याचा अर्थ कॉन्टॅक्ट लेन्स फार सुरक्षित असाही नाही हां. लेन्स घालून नदीत पोहणारे मी बघितलेत, त्या पाण्यातला अमिबा लेन्सखाली अडकला तर कॉर्निया खराब करतो, आणि ते दुखणं लेसरच्या कुठल्याही त्रासापेक्षा वाईट.

पैसे आणि "आजच बुक करा"

पहिल्या क्लिनिकमध्ये, नाव नाही घेत, फोनवरच पॅकेज सांगितलं. डोळा मोजला नाही, नंबर विचारला नाही, "आज बुक केलं तर डिस्काउंट आहे मॅडम". शहाळं न बघता मलई किती ते सांगणारा माणूस. आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायला लावली, कारण लेन्सने काचेचा आकार दबलेला असतो आणि मोजमाप चुकतं, मग बोलावून दोन तास तपासलं.

विम्याचं पण ऐका. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबरासाठीचं ऑपरेशन वगळलेलं असतं, तसा नियमच आहे. त्याच्या वरचा नंबर असेल तर पॉलिसी काढून वाचा, विचारायला हरकत नाही.

भाचीचं काय झालं

जाडी ठीक, नकाशा ठीक, ओलावा ठीक. पण डॉक्टरांनी तिचा मागच्या वर्षीचा चष्मा मशीनमध्ये ठेवून बघितला, पाचचा निघाला, आता साडेपाच. "एक वर्ष थांब, परत ये." ती फुगली, येताना बांबोळीपर्यंत बोलली नाही, मग म्हणाली मामा एक बरं झालं, सांजाव चुकणार नाही.

रिपोर्टांची फाईल मात्र डॉक्टरांनी हातात देऊन बजावलं की ही हरवायची नाही. पुढच्या वर्षी तुलनेला लागेल हे तर झालंच, पण लेसर केलं तर तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी आत कुठल्या नंबराची लेन्स बसवायची ते ठरवताना मूळ कॉर्नियाचे आकडे उपयोगी पडतात, घासलेल्या काचेवरून तो हिशेब सहज चुकतो. डोळ्याचा दाबसुद्धा पातळ काचेवर मशीनला कमी दिसतो, म्हणजे काचबिंदू असेल तर लपून राहायचा. ताईने ती फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय, घराच्या वन-फोर्टीनच्या (आपल्या गोव्याचा सातबारा) उताऱ्यांखाली.